क्षयावर पत्रक कोण काढतं?

खरं सांगणारा माणूस तुमच्या लेखी हरामखोर असेल, तर त्याचं खरं तुम्ही ऐकून घेता का?

लगेच ‘हो’ म्हणू नका. मीही म्हटलं असतं. अमरावतीतल्या एका अरुंद जिन्यावरच्या खोलीत जाऊन उभी राहीपर्यंत मी स्वतःला तसंच समजत होते — सत्य कुणाच्याही तोंडचं असो, वगैरे. माइकवर हे वाक्य फार छान वाजतं.

पुढचं मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ज्यांच्याबरोबर मोर्च्यात चालते त्यांना नाही, घरात नाही, एकटी असताना स्वतःलासुद्धा नीट सलग वाक्यात नाही. मी लिहिणारी बाई आहे, लोकांना जाब विचारणं हे माझं काम. आणि या एका गोष्टीसाठी शब्द सापडत नाहीत, असं मी मनाला सांगत आले. शब्द होते. सुरुवातीला तर दोनच होते. तेच मी बदलले.

पण थांबा — आधी घर सांगते. सबब म्हणून नाही. मी कुठून आले ते कळलं नाही तर मी काय केलं ते तुम्हाला वेडेपणा वाटेल, आणि तो वेडेपणा नव्हता.

अब्बांचा अकोल्यात छोटा छापखाना. पोट लग्नपत्रिकांवर चालायचं आणि जीव पत्रकांवर. हमालांचं पत्रक, सफाई कामगारांचं, विडीवाल्या बायांचं. ‘धिक्कार’ हा शब्द मी ‘घर’ या शब्दाच्या आधी वाचायला शिकले, असं अम्मी पाहुण्यांना हसून सांगते. शाईचे डाग पडून वाया गेलेले कागद माझ्या पाटीच्या जागी असायचे. त्यांच्या पाठीवर मी चित्रं काढायची आणि पोटाकडचं वाचायची.

त्यातलं एक मला पाठ होतं. दगडखाणीतल्या माणसांचं. त्यात लिहिलं होतं की दगडाची धूळ माणसाच्या छातीत बसते, माणूस खोकून खोकून मरतो, आणि मालकाचा डॉक्टर कागदावर लिहितो — टीबी. कारण टीबी झाला की दोष गरिबीचा, वस्तीचा, त्या माणसाच्या नशिबाचा. धूळ म्हटलं की दोष मालकाचा. हे खोटं नव्हतं. आजही नाही. असं घडलेलं आहे, घडतं आहे. माझा गुन्हा या खऱ्या गोष्टीतूनच उगवला, म्हणून तर तो इतके दिवस मला गुन्ह्यासारखा दिसला नाही.

अरबी मी उर्दू शाळेत धरली आणि पुढे सोडली नाही. कोर्टाच्या रस्त्यावर झेरॉक्स आणि टायपिंगचं एक दुकान आहे, तिथे एका टेबलावर मी भाषांतरं करते. आखातातून परतलेली माणसं येतात — अकोल्याची, बाळापूरची, अचलपूरची. कुणाचा वाहन परवाना, कुणाचा निकाहनामा, कुणाचा दवाखान्याचा दाखला. अरबीतून इंग्रजीत करायचं, खाली लिहायचं ‘मूळ मजकुराशी ताडून पाहिले’, सही करायची, शिक्का मारायचा.

तिकडच्या दवाखान्याचा दाखला साच्यातला असतो. माणसाचं नाव, पासपोर्ट, मग एकेक तपासणी आणि तिच्यापुढे एकेक शब्द. सलीम म्हणजे ठीक. सलबी म्हणजे काही आढळलं नाही. ईजाबी म्हणजे आढळलं. आणि सगळ्यात खाली निकाल — लाइक, किंवा ग़ैर लाइक. आपल्याकडे नालायक म्हणतात, तेच. पण तिकडे ती शिवी नसते. परतीचं तिकीट असतं.

या कामाचा नियम एकच. मुळात आहे ते सगळं यायला हवं आणि मुळात नाही ते काहीही यायला नको. मी त्या नियमाची भारी कडक होते! एकानं जन्माचं साल बदलून द्या म्हणून विनवलं, तर त्याला मी भर दुकानात सुनावलं होतं की कागदाशी बेईमानी करणारा उद्या माणसाशीही करेल. दुकानातले लोक माझ्याकडे आदराने बघत होते. ते मला आवडलं होतं — हेही आज सांगून टाकते.

विलासभाऊ काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आले. (नावं मी बदलली आहेत. माझं सोडून.) शेंदूरजनाघाटचे माळी. घरची संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका. कलम बांधण्यात त्यांचा हात असा, की वरुडपासून लोक त्यांना न्यायला यायचे. अमरावतीच्या एका एजंटानं ‘बागेचं काम’ म्हणून आखातात पाठवलं आणि तिथे उतरल्यावर संगमरवर कापायच्या यार्डात उभं केलं. दोन वर्षं ते दगड कापत होते, तोंडाला गमछा बांधून.

“मी झाडाचा डाक्टर व्हतो ताई,” ते म्हणाले, “तेयनं मले दगडाचा कसाई केलं.” आणि स्वतःच्याच वाक्यावर हसायला गेले तर खोकला आला. तो खोकला लवकर थांबेना. दुकानदारानं पाण्याचा ग्लास पुढे केला.

तिकडच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला, पुन्हा काढला, मग थेट तिकीट हातात दिलं. काय झालंय ते कुणी सांगितलं नाही. सांगितलं असेल तर अरबीत. दाखल्याचा कागद चारघडी करून त्यांनी खिशात ठेवला होता.

“काय लिवलं हाय थे सांगा फक्त,” ते म्हणाले.

आजाराच्या रकान्यात दोन शब्द होते. दरन रिअवी. फुप्फुसांचा क्षय. त्याच्यापुढे आणखी एक शब्द — मुअदी. संसर्गजन्य. आणि खाली निकाल, ग़ैर लाइक.

आता मी तुम्हाला विचारते, आणि स्वतःलाही — त्या क्षणी मी काय वाचलं? मी क्षय वाचला. शब्द मला येत होता, शंका नव्हती. पण त्याच क्षणी माझ्या डोक्यात ते पाठ असलेलं पत्रक बोलायला लागलं. बघ, म्हणालं, पुन्हा तेच. दोन वर्षं दगड कापायला लावला, छाती भरून टाकली, आणि कागदावर काय लिहिलं बघ.

मी विलासभाऊंना म्हटलं, उद्या या. लिहून ठेवते.

ते गेल्यावर मी इंग्रजीत लिहिलं — ‘धुळीमुळे झालेला फुप्फुसांचा जुनाट विकार’. धूळ मुळात कुठेच नव्हती. ती मी घातली. क्षय होता. तो मी काढला. आणि ‘संसर्गजन्य’ — तो शब्द मी बराच वेळ बघत बसले. धुळीचा आजार संसर्गजन्य नसतो. तो शब्द ठेवला असता तर माझं वाक्य उघडं पडलं असतं. म्हणून तो गाळला.

खाली लिहिलं, मूळ मजकुराशी ताडून पाहिले. सही केली. शिक्का मारला.

तुम्ही म्हणाल, चूक झाली, तरुण होतीस, मनापासून वाटलं तुला. नाही. मनापासून वाटण्याची पायरी मी केव्हाच ओलांडली होती. ज्याला मनापासून वाटतं की डॉक्टर खोटं लिहितोय, तो डॉक्टरनं लिहिलेलं जसंच्या तसं उतरवतो आणि खाली म्हणतो, हे खोटं आहे, पुन्हा तपासा. मी तसं केलं नाही. का नाही केलं?

कारण विलासभाऊ खुर्चीवरून उठायच्या आधीच माझं पत्रक अर्धं लिहून झालं होतं. झाडांचा डॉक्टर, दगडाचा कसाई. संत्र्याच्या गावचा माणूस आणि छातीत परदेशी दगड. वाक्यं आपोआप येत होती आणि त्या वाक्यांना टीबी चालत नव्हता. क्षयावर पत्रक कोण काढतं? आरोग्य खातं काढतं. ते दवाखान्याच्या भिंतीवर पिवळं पडतं आणि कुणी वाचत नाही.

घरी अब्बांना मजकूर दाखवला तेव्हा मूळ दाखलाही टेबलावर होता. अब्बांना अरबी कळत नाही, पण उर्दूमुळे अक्षरं वाचता येतात. त्यांनी बोट ठेवलं. “ये दरन क्या होता बेटा?”

“छाती की बिमारी,” मी म्हणाले.

ते खोटंही नव्हतं, नाही का? अब्बांनी मान हलवली आणि मथळ्यासाठी मोठा टाइप निवडायला गेले. गुलाबी कागद त्यांनी पदरचा वापरला.

एजंटाकडे आम्ही सगळे गेलो तो दिवस मला विसरता येत नाही. अमरावतीत, भाजीबाजाराच्या बाजूला, जिना चढून. विलासभाऊ, त्यांची बायको वनितावहिनी, कडेवर चार वर्षांची ईश्वरी, आमच्या कामगार संघटनेचे दहाबारा जण आणि पुढे मी. मागणी साफ होती — फसवून दगडाच्या कामाला लावलं, छाती गेली, भरपाई द्या. हातात माझं भाषांतर.

एजंट पान खाऊन बसला होता. वाईट माणूस होता, याबद्दल आजही माझं मत बदललेलं नाही. त्यानं माझा कागद वाचला, पुन्हा वाचला, मग खणातून दुसरा काढला. कंपनीनं त्याला मेल केलेली प्रत. तीत इंग्रजी तिकडच्याच दवाखान्यानं केलेलं होतं.

“मॅडम,” तो म्हणाला, “हे धूय कुठून आनली तुमी? याच्यात तं टीबी हाय.”

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले.

बघा, इथे मला वाट होती. दार उघडं होतं. मी म्हणू शकले असते, बघते पुन्हा. मी म्हणू शकले असते, माझ्याकडून राहिलं. एवढंच. दोन-तीन शब्द. माझी थोडी लाज गेली असती. आणखी काय गेलं असतं?

मी म्हणाले, “टीबी ही मालकाची बोली आहे!”

टाळ्या पडल्या. त्या अरुंद खोलीत त्या फार मोठ्या वाटल्या. कुणीतरी घोषणा केली, बाकीच्यांनी उचलली. विलासभाऊंचा चेहरा उजळला. त्यांच्या बाजूनं कुणी असं बोललेलं त्यांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकलं होतं.

एजंट उठला. मला वाटलं, आता शिव्या देणार. पण तो माझ्याशी बोललाच नाही. विलासभाऊंकडे वळला.

“विलास, हे बाई काय लिवते थे लिवू दे. मी बदमाश असन, माह्या नावानं बोंबल. पन तू थुंकी तपासून घे लेका. हे लेकरू तुह्या कडीखांद्यावर खेयते. सरकारी दवाखान्यात फुकट हाय. आजच जाय.”

हे बोलला तो. हेच शब्द. आम्हा दहाबारा शिकल्यासवरल्या, न्यायासाठी भांडणाऱ्या माणसांमध्ये त्या लेकराची काळजी त्या एकट्या बदमाशानं केली. आणि त्याच्यापुढे मी काय म्हणाले असेन?

मी म्हणाले, “बघा! आता टीबीचा कागद बनवायला दवाखान्यात पाठवतोय. विलासभाऊ, दावा निकाली निघेपर्यंत कुठेही तपासायला जायचं नाही. एकदा टीबी लिहिला गेला की तुमचा दावा मेला.”

“नाई जात ताई,” विलासभाऊ म्हणाले. “तुमी सांगान तसं.”

खाली उतरल्यावर गाडीवर सगळ्यांनी गिला वडा खाल्ला. कुणीतरी म्हणालं, ताईनं एजंटाची बोलतीच बंद केली. वनितावहिनी पदरानं डोळे पुसत हसत होत्या. ईश्वरी बापाच्या खांद्यावर मान टाकून झोपली होती, आणि ते खोकायचे तेव्हा तिचं डोकं हलायचं. मी ते बघत होते. बघत होते, हे मला पक्कं आठवतं. मी आणखी दही मागून घेतलं.

पत्रक गाजलं. ‘टीबी ही मालकाची बोली’ हाच मथळा झाला. अकोला, अमरावती, धारणीच्या बाजारापर्यंत पोचलं. मला भाषणांना बोलावू लागले. दाव्याचं म्हणाल तर काही झालं नाही. एजंटानं पाटी उतरवली आणि दुसरीकडे दुसऱ्या नावानं लावली. विलासभाऊ गावच्या डॉक्टरकडून खोकल्याचं औषध घेत राहिले. त्या डॉक्टरनं थुंकीचं विचारलं, तेव्हा त्यांनी माझा शिक्क्याचा कागद पुढे केला. धुळीचं आहे म्हटल्यावर त्यानं ओढायचा पंप दिला. संध्याकाळी अंग तापायचं, शर्ट ढगळ व्हायला लागला, रोपवाटिकेत उन्हात बसवेना. फोनवर हे सगळं ते मला सांगायचे. मी म्हणायचे, बघा कंपनीनं काय केलंय तुमचं.

मग ईश्वरीला ताप आला. उतरेना. उलट्या, मान ताठ, झटके. वरुडहून अमरावतीला मोठ्या दवाखान्यात आणली. तिथे डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं ते हेच — घरात कुणाला टीबी आहे का?

वनितावहिनींनी सांगितलं, “नाई जी. यायले धुयीचा आजार हाय.” आणि पिशवीतून कागद काढला. त्या तो सगळीकडे बरोबर ठेवायच्या, प्लास्टिकच्या कव्हरात. इंग्रजी, सही, शिक्का. एखाद्या तावीजासारखा.

किती दिवस त्या कागदानं खाल्ले, ते मी मोजलेलं नाही. मोजायची हिंमत नाही. दुसऱ्या एका डॉक्टरीण बाईंनी विलासभाऊंना नुसतं बघितलं आणि कागद बाजूला ठेवून थुंकी पाठवली. टीबी निघाला. मग पोरीच्या पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं. टीबी तिच्या मेंदूच्या आवरणापर्यंत गेला होता.

ईश्वरी वाचली. तिला ऐकू येत नाही. एका कानानं नाही, दोन्ही कानांनी.

मी दवाखान्यात गेले होते. त्या डॉक्टरीण बाई मला म्हणाल्या, दगड कापणाऱ्यांत हे दिसतं, धुळीनं छाती पोखरली की टीबी लवकर घर करतो. दोन्ही असतं. धुळीचा दावा तुम्ही करा की, टीबीचं औषध चालू ठेवून करा.

दोन्ही असतं. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, असं त्या क्षणी मनात आलं. मला कुणी कशाला सांगायला हवं होतं? मी विचारलं होतं का कुणाला? एक फोन, एका डॉक्टरला? दोन्ही खरं असू शकतं, एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही, कारण मला दोन्ही नकोच होतं. मला एकच हवं होतं, ठळक टाइपात मावणारं.

आणि आता ते. ज्याच्याभोवती मी एवढा वेळ फिरते आहे ते.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर विलासभाऊ तोंडाला मास्क लावून एकटे बसले होते. त्यांना पोरीजवळ जाऊ देत नव्हते. मी शेजारी जाऊन बसले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “ताई, तवा त्या कागदावर हे नव्हतं ना?”

संशयानं नव्हतं विचारलं. तुम्हाला वाटेल, त्यांना कळलं असेल. नाही. त्यांना स्वतःला दोष द्यायचा होता, आणि किती द्यायचा ते ठरत नव्हतं. तिकडूनच हे घेऊन आलो का, आपल्याच अंगातून पोरीला गेलं का, तेव्हाच कळायला हवं होतं का — एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. बापाचा प्रश्न होता.

मी म्हणाले, “नव्हतं.”

एवढंच नाही. मी पुढे म्हणाले, “छाती धुळीनं कमजोर झाली भाऊ. टीबी इकडे आल्यावर लागला असेल. गावात कुणाचा तरी.”

त्यांनी मान हलवली. आणि म्हणाले, “मंग त्या एजंटानं कसं वयखलं?”

मी म्हणाले, “अंदाजानं बोलला असेल.”

पहिलं खोटं मी एका चांगल्या कारणासाठी बोलले, असं म्हणता येईल. म्हणणाऱ्यानं म्हणावं. पण हे? त्या बाकावर कुठला मालक होता, कुठला कामगार, कुठला लढा? एक बाप होता आणि मी होते. मी फक्त स्वतःला वाचवलं.

त्यानंतर वनितावहिनींनी त्यांच्या शेजारणीशी बोलणं टाकलं, कारण ती खोकायची. त्यांना वाटलं, तिच्यामुळेच. ‘गावात कुणाचा तरी’ हे माझं वाक्य त्यांनी तिच्या दारात नेऊन ठेवलं. तीसुद्धा बाई निर्दोष.

त्या दोघांना वाटतं, मी त्यांची पाठीराखी आहे. दर बहाराला घरच्या संत्र्यांची पेटी येते माझ्याकडे, एसटीच्या ड्रायव्हरजवळ दिलेली. वनितावहिनींचा फोन येतो. “ताई, गोड हायत का? ईश्वरीनं सोता भरली पेटी.” मी म्हणते, खूप गोड. खाल्लेलं एकही नाही. शेजारी वाटते. शेजारी म्हणतात, गरिबांची दुवा लागते तुम्हाला.

सांगायला मी एकदा गेलेही होते. त्यांच्या दारापर्यंत. ईश्वरी अंगणात कलमांना पाणी घालत होती, पाठमोरी. मी हाक मारली. मारून गेल्यावर आठवलं. वनितावहिनी आतून आल्या, हात धरून घरात घेऊन गेल्या, आणि बाजूच्या बायांना बोलावून म्हणाल्या, ह्याच त्या ताई. मी चहा पिऊन परत आले. आता तुम्हाला काय सबब सांगू? वेळ बरोबर नव्हती? वेळ बरोबरच होती. मी नव्हते.

मग आता का, असं तुम्ही विचाराल. मला उपरती झाली म्हणून नाही.

गेल्या महिन्यात पातूरकडे खडीच्या क्रशरवर काम करणाऱ्यांच्या वस्तीत गेले होते, दुसऱ्याच कामासाठी. तिथली आशाताई, म्हणजे आरोग्य खात्याची सेविका, डोक्याला हात लावून ओट्यावर बसली होती. मी कोण ते तिला माहीत नव्हतं.

“काय करू बाई,” ती म्हणाली, “थुंकीची डब्बी कोनी हातात घेत नाई. कोन्या येड्या बयाडानं गुलाबी पत्रक वाटलं म्हने. टीबी मालकाची बोली हाय म्हनतात. तिकडच्या खोलीतला बुढा रगत थुकते, त्याची सून पोटुशी हाय. मी काय कपाय फोडून घेऊ?”

मी तिला म्हणाले, अवघड आहे. आणि पुढे गेले. हो — तेव्हासुद्धा. त्या म्हाताऱ्याच्या दारावरून गेले. आतून खोकला ऐकू आला.

घरी येऊन हे लिहायला बसले. आजही मी त्या वस्तीत परत गेलेली नाही. पण हे छापायला देताना संपादकांना एक अट घातली आहे — शेंदूरजन्याला जाऊन मी हे विलासभाऊ आणि वनितावहिनींना शब्द न् शब्द वाचून दाखवल्यावरच छापायचं. त्याआधी पातूरच्या त्या ओट्यावर बसून आशाताईलाही. त्या दोघांचा होकार असेल तरच. म्हणजे तुम्ही हे वाचत असाल, तर त्यांनी ऐकलेलं आहे. ते काय म्हणाले ते मी इथे जोडणार नाही. ते त्यांचं आहे. दुकानात मी आता बसत नाही. शिक्का परत केला. यानं ईश्वरीला काहीही ऐकू येणार नाही, हे मला ठाऊक आहे.

मला समजून घ्या, असं मी म्हणत नाही. माफीचा तर प्रश्नच नाही. ती द्यायचा हक्क तुमचा नाही आणि मागायचा माझा नाही. पण एक काम तुमच्याकडे आहे, कारण ते पत्रक मी एकटीनं वाटलेलं नाही. ते, माझ्याबरोबर मोर्च्यात चालणाऱ्यांनो, तुम्ही वाटलंत — माझ्यावर विश्वास ठेवून, क्रशरवर, खाणीवर, चहाच्या टपरीवर, कुणाच्या तरी हातात दिलंत. कुणाच्या, ते आठवा. आणि त्या माणसाकडे जा. फोन करू नका, तो ‘बरं’ म्हणेल आणि ठेवून देईल. समोर जाऊन बसा. तो खोकत असेल तर त्याला हाताला धरून थुंकी तपासायला न्या. धुळीचा दावा सोडू नका, तोही लढा, दोन्ही लढा. तो म्हणेल, टीबी ही मालकाची बोली आहे. त्याला सांगा, जिनं हे लिहिलं ती खोटं बोलत होती, आणि बोलताना तिला ते माहीत होतं. या मजकुरावर छापलेलं माझं नाव घेऊन सांगा.

आणि निघताना त्याच्या घरातली लेकरंही बरोबर घ्या.